फळ्यांच्या माळ्यासाठी ट्रायपॉड

चांदवडहून नाशिकला जाण्याला प्रवास म्हणायचं का, इथूनच माझी पंचाईत सुरू होते. आमच्याकडची माणसं दवाखान्यासाठी, कोर्टाच्या तारखेसाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी नाशिकला जातात आणि संध्याकाळी जेवायला घरी असतात. त्यावर कुणी लिहीत नाही. त्यातून मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला. मी लिहिलेलं तपासायला घरात कुणी नाही, त्यामुळे चूक कुठे झाली हे मला तुमच्या चेहऱ्यावरूनच कळणार. तेव्हा आधीच क्षमा मागतो. शिवाय मधूनमधून सूर कडवट लागेल. तो मी पुसून पाहिला, पण पुसल्यावर लिहिण्यासारखं फारसं उरेना.

गेलो कशासाठी ते आधी सांगतो. माझी मोठी बहीण वैशालीताई हिला जन्मापासून ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते, आणि हातांइतकंच चेहऱ्याने. भुवया वर गेल्या की तिचं वाक्य प्रश्न होतं, खाली आल्या की तेच वाक्य तंबी होतं. ती ज्या निवासी शाळेत शिकली, तिथे लहान वर्गाला गोष्टी सांगायला एक सहायक हवी होती. तिथल्या मुख्याध्यापिका बाई स्वतः कर्णबधिर आहेत. त्यांनी कळवलं, की हातांनी सांगितलेली एक गोष्ट रेकॉर्ड करून पाठव. चेहरा आणि दोन्ही हात स्पष्ट दिसले पाहिजेत.

ताईने दोनदा पाठवली. पहिल्या वेळी मागे खिडकी होती, त्यामुळे ताई म्हणजे नुसती काळी आकृती. दुसऱ्या वेळी फोन तेलाच्या डब्याला टेकवला होता. गोष्टीतला कोल्हा विहिरीत पडायच्या आधी फोनच पडला. बाईंनी महिनाअखेरपर्यंत तिसरी संधी दिली आणि ही शेवटची, असंही लिहिलं.

फोन पडला तो आईमुळे. आमच्या घरात खाली सारखी वर्दळ, म्हणून ताई माळ्यावर बसते. माळा फळ्यांचा आहे. तिला हाक मारून उपयोग नाही, म्हणून आई खालून बांबूने फळ्यांना ठोकते. फळी थरथरली की ताईच्या तळपायांना कळतं. वडिलांची पद्धत वेगळी. ते खालच्या बटणाने माळ्यावरची वीज घालवतात आणि परत लावतात. आमच्या घरात माणसाला बोलवायच्या या दोन रीती. त्यामुळे आम्हाला हवा होता खालून ठोकलं तरी न डोलणारा ट्रायपॉड आणि वडिलांनी बटण दाबलं तरी न विझणारा लाईट.

माझा वर्गमित्र अझर मनमाडचा. लग्नाच्या शूटिंगला जातो. तो म्हणाला, "गंगापूर रोडला क्रिएटर लोकांचा मेळा हाय भाई. तीन दिवस. सगळे ट्रायपॉड, सगळ्या लायटी एका छताखाली. हात लावून बघ, मग घे." ताईने शेवया विकून साठवलेले पैसे माझ्याकडे दिले आणि मी अझरबरोबर निघालो. मुक्काम जुन्या नाशकात अझरच्या आत्याकडे होता.

गंगापूर रोडचा हॉल

हॉल लग्नाचा होता. संगमरवरी फरशी, छताला झुंबरं, आणि जिथे एरवी नवरा-नवरी बसतात तिथे मोठा मंच. आत पाऊल टाकलं तर कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. जो तो आपापल्या फोनमध्ये स्वतःला सांगत होता, की इथे किती गर्दी आहे. आमच्याकडे आठवडे बाजारात लोक निदान वांगी तरी बघतात.

पहिल्याच स्टॉलवर टाय लावलेला विक्रेता होता. त्याने विचारलं, "काय शूट करता तुम्ही?"

"हात," मी म्हणालो.

"अच्छा, मेंदी? की कुकिंग?"

"नाही. बोलणारे हात. चेहऱ्यासकट."

तो थोडा गोंधळला, पण हसू न घालवता त्याने मला दोन वस्तू दाखवल्या. एकीत फोन वरून खाली बघतो. भाजी चिरणारे, मेंदी काढणारे ती घेतात. त्यात हात येतात, डोकं येत नाही. दुसरी वस्तू मेकअपवाल्यांची. तिच्यात गळ्यापर्यंतचा चेहरा येतो आणि भोवती गोल लाईट. त्यात हात येत नाहीत.

मी म्हणालो, "दोन्ही एकत्र?"

"सर, दोन्ही एकत्र कोण बघतं?"

पुढे दिवसभर मी हाच प्रश्न वेगवेगळ्या स्टॉलवर विचारला आणि हेच उत्तर वेगवेगळ्या टायांकडून ऐकलं. या जत्रेत माणसाचे दोन तुकडे केलेले होते. अख्खा माणूस कुणाच्याच उपयोगाचा नव्हता.

दुपारी प्रमुख पाहुण्यांचं भाषण झालं. त्यांना सगळे रोहनसर म्हणत होते. ट्रायपॉडची परीक्षणं करून ते मोठे झालेत असं अझरने मला आदराने सांगितलं. सरांनी एक काळा, बारीक, महाग ट्रायपॉड फरशीवर ठेवला, त्याच्या डोक्यावर पाण्याने भरलेला ग्लास ठेवला आणि म्हणाले, "बघा, याला म्हणतात स्थिरता." संगमरवरावर, दारं बंद, हवा बंद, आसपास सगळे श्वास रोखून उभे. अशा ठिकाणी आमची म्हैसही स्थिर उभी राहिली असती. टाळ्या पडल्या.

मग प्रश्न विचारा म्हणाले. मी हात वर केला आणि तेवढ्यातच पस्तावलो, कारण माईक माझ्यापर्यंत आला.

"सर, खाली लाकडाच्या फळ्या असतील आणि खालून कुणी बांबूने ठोकलं तर हा किती हलेल?"

सर हसले. मग म्हणाले, "भावा, आधी खालच्या शेजाऱ्याशी भांडण मिटव."

हॉल हसला. अझरही हसला. त्याने नंतर माफी मागितली, पण मागतानाही त्याला हसू येत होतं. मला ते विनोदी वाटलं नाही असं नाही. मला फक्त उत्तर हवं होतं, आणि एवढ्या जाणकारांत ते कुणाकडेच नव्हतं.

मिसळ आणि धरण

दुसऱ्या दिवशी आयोजकांनी सगळ्यांना धरणाच्या काठी नेलं. मोकळ्या हवेत वस्तूंची परीक्षा होणार होती. वाटेत मिसळीसाठी थांबलो. नाशिकबाहेरच्या मिसळीच्या जागा आता पाहण्यासारख्या झाल्या आहेत. झोपाळे, रंगवलेली बैलगाडी, शेणाने सारवलेला एक कोपरा, त्याभोवती दोरी आणि 'चप्पल काढून फोटो काढावा' अशी पाटी. आमच्या अंगणाभोवती कुणी दोरी लावली तर आई त्या दोरीवर कपडे वाळत घालेल.

मिसळ आली. मटकीवर लालभडक तर्री, शेजारी पापड, दही, पाव. खायला हात कुणी लावेना. आधी खिशातले छोटे लाईट निघाले. एकाने डावीकडून, एकीने उजवीकडून प्रकाश पाडला. अझरने त्याच्या लाईटचा रंग पिवळा केला, मग पांढरा, मग परत पिवळा. तर्रीवर साय धरली. वाढणारा माणूस तिथेच रश्श्याचा जग घेऊन उभा होता. तो अझरला म्हणाला, "दादा, कितीबी लाईट मारा, तिखट तेवढंच लागंल."

मी एकट्याने गरम खाल्ली. चांगली होती. आमच्या घरी पाहुण्याने ताटात हात घालायला उशीर केला तर आई तोंडावर विचारते, "आवडलं नाय का?" इथे उशीर हीच स्वयंपाकाची स्तुती होती.

धरणावर वारा होता आणि डोक्यावर लख्ख ऊन. त्या उन्हात पन्नासेक माणसांनी आपापले लाईट लावले. सूर्याला मदत करायची ही हौस मला समजली नाही.

रोहनसरांनी तोच काळा ट्रायपॉड उथळ पाण्यात उभा केला, वर फोन लावला, आणि दुसऱ्या कॅमेऱ्याकडे बघून बोलायला लागले, "चिखल असो, पाणी असो, हा जागचा हलणार नाही." ते बोलत असताना मागे त्याचा एक पाय हळूहळू गाळात उतरत होता. आम्हाला सगळ्यांना दिसत होतं, सरांना नव्हतं. ट्रायपॉड वाकला, अगदी नमस्कार केल्यासारखा, आणि फोन पाण्यात गेला.

सरांची माणसं पाण्यात उतरली. फोन काढला, पुसला. मग पाण्याखाली प्रत्येक पायाशी एकेक सपाट दगड ठेवला, फोन बदलला, आणि सर पुन्हा तेच वाक्य बोलले, तसंच हसत. ते झाल्यावर लोकांनी त्यांच्याबरोबर फोटो काढले. मी तिथेच काही म्हणायला हवं होतं. पण मोठ्या माणसांसमोर तोंड उघडायला मला वेळ लागतो, आणि तोवर ती माणसं पुढच्या दगडावर गेलेली असतात.

काठावर काळ्या कापडाचा एक तंबू होता, आत अंधार, लाईट तपासण्यासाठी. तिथे कुणी फिरकत नव्हतं. मी आणि अझर आत गेलो, ताईला व्हिडिओ कॉल लावला. फोन अझरने धरला आणि मी लाईटपुढे उभं राहून तिच्याच गोष्टीची सुरुवात हातांनी सांगू लागलो. ताई जे हातांनी म्हणाली ते इथे शब्दांत लिहितो.

आधी मोठा गोल लाईट लावला. ताई म्हणाली, "तुझ्या डोळ्यांत बांगड्या दिसतायत. हात पिठात घातल्यासारखे पांढरे. तोंडावर हातांची सावली."

मग खिशातला एक छोटा लाईट समोरून. "भुवया कुठे गेल्या? तू विचारतोयस की सांगतोयस?"

मग दोन छोटे लाईट घेतले, एक डावीकडे, एक उजवीकडे, डोळ्यांच्या थोडे वर, आणि दोन्हींवर आमचे रुमाल बांधले. ताईने जरा वेळ पाहिलं.

"आता दिसतोस," ती म्हणाली. "रूप काही सुधारलेलं नाही, पण दिसतोस."

दोन दिवसांत त्या मेळ्यात मला मिळालेली ही पहिली कामाची माहिती. ती माळ्यावरून आली होती.

तेवढ्यात सानिका नावाची एक मुलगी तंबूत डोकावली. तिने माझे हात पाहिले. "हा कोणता ट्रेंड आहे? खूप क्यूट आहे. स्टेप्स शिकव ना."

पडद्यावरून ताई विचारत होती, ही काय म्हणते. मी सांगितलं. ताईच्या भुवया वर गेल्या, मग तिने मला एक खूण करून दाखवली आणि म्हणाली, "हिला ही शिकव."

दोन्ही मुठी आळीपाळीने खाली ओढायच्या आणि मग तळवे रिकामे उघडून दाखवायचे. ही आमच्या घरातली खूण आहे. अर्थ एवढाच, की म्हैस आटली. मी शिकवली. सानिकाने ती मान तिरकी करून, डोळे मिटून, अतिशय हळव्या चेहऱ्याने केली. अझर तंबूबाहेर जाऊन खोकत बसला. तो व्हिडिओ पुढे बऱ्याच लोकांना आवडला असं ऐकलं. आमची म्हैस खरोखर आटल्यावरसुद्धा घरात एवढ्या भावनेने कुणी सांगितलं नव्हतं.

मंच

तिसऱ्या दिवशी दुपारी हॉल अर्धा रिकामा झाला होता. लाईटचं ठरलं होतं, ट्रायपॉडचं नव्हतं. मंचाच्या पायरीवर बसलो होतो. कुणीतरी वरून चालत गेलं आणि माझ्या बैठकीला हादरा बसला. मंच लाकडाचा होता. खाली पोकळ.

मी विक्रेत्यांना विचारून चार ट्रायपॉड घेतले, मंचावर ओळीने मांडले, प्रत्येकावर फोन लावला. दोन आमचे, दोन टायवाल्यांचे. ते गंमत बघायला आले होते. अझर फरशी पुसायच्या दांड्यासकट मंचाखाली शिरला.

"आईसारखं ठोक," मी वाकून म्हणालो.

"तुझी आई कसं ठोकते मला काय माहीत भाई?"

"चहा गार होत असल्यासारखं."

त्याने ठोकलं. चार फोन थरथरले. रोहनसरांचा काळा महाग ट्रायपॉड ठोकणं थांबल्यावरही डोलत राहिला, वाऱ्यातल्या बाजरीच्या ताटासारखा. दुसऱ्याची वरची मान हळूच खाली झुकली. तिसऱ्याचा एक पाय आखडला. चौथा कोपऱ्यातल्या स्टॉलवरचा, बुटका, जाडजूड, पायांना रबराचे जाड बूट. तो एकदा शहारला आणि थांबला. अझरने परत ठोकलं. परत तसंच.

"तो जुना माल आहे," टायवाला म्हणाला. "वजन फार. क्रिएटर लोक घेत नाहीत. खांदा जाईल तुमचा."

"तो माळ्यावरून खाली उतरणारच नाही," मी म्हणालो.

लाईटची परीक्षाही तिथेच उरकली. एका स्टॉलचा बोर्ड मी बटणाने बंद करून परत लावला. विजेवरचे सगळे लाईट गेले. त्यांतला एकही आपणहून परत लागला नाही. बॅटरीवरचे दोन छोटे तेवढे चालू राहिले. स्टॉलवाल्याने मला जे ऐकवलं ते लिहीत नाही. तो बरोबर होता.

आवाज ऐकून आयोजक मॅडम आल्या. मंचाखालून अझरचे पाय बाहेर दिसत होते. मी अडखळत सगळं सांगितलं. ताई, माळा, बांबू, शाळा. ऐकता ऐकता मॅडमचे डोळे भरून आले आणि मला उगाच आशा वाटली.

"किती सुंदर स्टोरी आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी बहिणीला इथेच घेऊन ये. आपण तिच्याकडून एक परीक्षण करून घेऊ. पाठीमागे बासरी टाकू, हळवी."

"तिला बासरी ऐकू येणार नाही मॅडम."

"तिच्यासाठी नाही रे. बघणाऱ्यांसाठी."

"आणि ती हातांनी काय म्हणते ते त्यांना कळेल का?"

"कळायची गरज नसते," मॅडम म्हणाल्या. "फील येतो."

मी ट्रायपॉड आणि दोन छोटे लाईट विकत घेतले आणि बाहेर पडलो. तीन दिवस तिथे अनेकांनी मला प्रकाशाबद्दल शिकवलं. त्यांतल्या एकानेही प्रकाशात काय दिसणार आहे हे विचारलं नव्हतं. ट्रायपॉडने खांदा मात्र खरंच दुखला.

माळा

घरी येऊन ट्रायपॉड माळ्यावर चढवला. दोन्ही बाजूंना लाईट, त्यांवर रुमाल, खिडकीवर गोधडी. ताईने स्वतः फोनमध्ये बघून सगळं पुन्हा सरकवलं. मी मांडलं होतं त्यातलं काहीच जागेवर ठेवलं नाही. महिन्याचा शेवटचा दिवस होता. वडिलांना बटणापासून लांब, ओट्यावर बसवलं. आईला मी बजावून सांगितलं, की आज ठोकायचं नाही.

"मी काय येडी हाय का?" आई म्हणाली.

ताई उभी राहिली, हात वर आले, गोष्ट सुरू झाली. मी फोनच्या मागे बसलो होतो. कोल्हा आला, विहिरीच्या काठावर वाकला, पाण्यात त्याला दुसरा कोल्हा दिसला. ताईच्या भुवयांत तो दुसरा कोल्हासुद्धा दिसत होता. आणि कोल्हा पडणार त्या क्षणी खालून बांबू लागला. दणदण. चहा झाला होता.

चित्र शहारलं आणि थांबलं. बुटक्याने त्याचं काम चोख केलं. पण शहारलं होतंच. ताईने खाली फळीकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहून "आई बोलावतेय, थांब" अशी खूण केली, आणि मग कोल्ह्याला विहिरीत टाकून गोष्ट पुरी केली.

मी म्हणालो, परत करू. ताई नाही म्हणाली. मी हात जोडले. दिवस संपायला अजून वेळ आहे, पाच मिनिटांचं काम आहे, ही शेवटची संधी आहे, सगळं सांगितलं.

"कोल्हा एकदाच पडतो," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा मला आधीच माहीत असेल."

तिने ते तसंच पाठवून दिलं. खाली आई चहाचं भांडं धरून बसली होती आणि कुणाकडे बघत नव्हती. "सवय हो," एवढंच म्हणाली. त्या दिवशी तिचा चहा कुणी गरम प्यायलं नाही.

नंतर शाळेकडून काहीच येईना. मी कॉलेजात परत गेलो. अझरने रोज विचारलं, मग विचारणं सोडलं. रोहनसरांचं परीक्षण आलं, त्यात काळा ट्रायपॉड पाण्यात ताठ उभा होता आणि त्याला पूर्ण गुण होते. मी ते शेवटपर्यंत पाहिलं. का पाहिलं माहीत नाही.

आणि एका दुपारी मी कॉलेजच्या फाटकापाशी असताना ताईचा कॉल आला. पडदा उघडला तर ती ट्रायपॉडसमोर उभी, दोन्ही लाईट लावलेले, भरदिवसा. मी विचारलं, काय झालं. ती हसत होती, त्यामुळे हात नीट चालेनात. शाळेतल्या सगळ्या शिक्षकांनी मिळून तिची गोष्ट मोठ्या पडद्यावर पाहिली होती. त्यांतले बहुतेक ताईसारखेच, हादरा म्हणजे हाक समजणारे. आईने ठोकलं, चित्र हललं, आणि खोलीतल्या सगळ्यांनी एकदम मागे वळून दाराकडे पाहिलं. कोण बोलावतंय म्हणून. दारात कुणी नव्हतं. मग ते इतके हसले की गोष्ट पुन्हा पहिल्यापासून लावावी लागली.

"मग?" मी एका हाताने विचारलं, दुसऱ्यात फोन होता.

"बाई म्हणाल्या, भुवया स्पष्ट आहेत. सोमवारी रुजू हो," ताई म्हणाली. "आणि खालून ठोकणारं कोण आहे विचारलं. मी आई म्हणाले. तर म्हणाल्या, येताना तिलाही घेऊन ये."